माझ्या वाट्याचा नवतपा

नमस्कार श्रोतेहो.

हे ऐकताना तुमच्या खिडकीतला कूलर नक्की सुरू असणार, म्हणून मी जरा मोठ्यानंच बोलते. कूलर बंद करून ऐका, असं नागपूरकराला मे महिन्यात सांगायची माझी हिंमत नाही बाप्पा!

विषय मिळालाय, आईचे उन्हाळ्यातले आवडते क्षण. तो ऐकून मी आधी सगळे लिहितात तेच लिहायला बसले. गच्चीवर ओळीनं टाकलेल्या गाद्या, तणसात घातलेली आंब्यांची अढी, दिवसभर पत्ते कुटणारी पोरं. दोन पानं झाली आणि पेन खाली ठेवलं. खरं सांगते, ते उन्हाळे मला त्या वेळी तितके आवडत नव्हते. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरात तेव्हा मे महिन्यात बारा-चौदा माणसं असायची. सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ, नणंदांची मुलं, माझी दोन. गच्चीवर पडून सप्तर्षी शोधायला मुलं मोकळी होती. मी सगळं आवरून वर पोचायची तेव्हा अकरा वाजून गेलेले असायचे. वृश्चिक चांगला वर आलेला असायचा, पण त्यातला तो लालसर तारासुद्धा मी कधी धड पाहिला नाही. पाठ टेकली की डोळे मिटायचे.

त्या घरात कूलर एकच होता. लोखंडी, धूड. होळी झाली की मागच्या खोलीतून निघायचा, त्याला रंगाचा एक हात बसायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या लागायच्या. पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या वाळ्याचा वास हॉलभर. (वाळा हा शब्द मी रेडिओसाठी काढलाय हं, घरी आम्ही सगळे खसच म्हणतो.) त्या कूलरसमोर कोण कुठं झोपणार याचा कायदा ठरलेला होता. अगदी समोर सासूबाई. त्यांच्या कुशीला घरात जे तान्हं असेल ते. मग पाहुणे, मग वयाप्रमाणे मुलं, आणि आम्ही सुना स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथं हवा पोचायची नाही, फक्त आवाज पोचायचा.

आता तो कूलर नाही, दुसरा आहे, आणि त्याच्यासमोरची जागा माझी आहे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. दीर-जाऊ मुलाकडे हैदराबादला गेले. माझा मुलगा बंगळुरूला, तो दिवाळीला येतो. उन्हाळ्यात सून मलाच म्हणते, "आई, तुम्ही या इकडे, इथं पंख्यावर भागतं." चुकीचं काही म्हणत नाही ती. आमचे हे जेवले की आतल्या खोलीत एसी लावून दार ओढून घेतात. एसीत माझे पाय दुखतात, असं मी सगळ्यांना सांगत असते. पाय काही दुखत नाहीत. पण इतकी वर्षं दाराशी काढल्यावर मिळालेली जागा कोण सोडेल?

तर मूळ मुद्दा लेकीचा. हे सांगण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग ना आई, लपवण्यासारखं काय आहे त्यात?" तिचं लग्न 2013 च्या मे महिन्यात इथंच झालं. त्या वर्षी 23 मेला नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, आणि लग्न त्याच आठवड्यात. आजही कुणी नातलग भेटला की त्याला लग्नातलं ऊन आठवतं, पन्ह्याची पिंपं आठवतात, जेवणाचं कुणी नाव काढत नाही. दोन वर्षांपूर्वी लेक आणि जावई वेगळे झाले. आरडाओरडा नाही, कुणी कुणाला वाईट म्हणत नाही, पण घरं दोन झाली. दोन्ही पुण्यातच. आणि मध्ये माझा नातू.

मग सुट्ट्यांची वाटणी आली. मे महिन्याचा पहिला भाग बाबाकडे. 20 तारखेनंतर आईकडे, आणि आईला ऑफिस, म्हणून माझ्याकडे. पुण्याच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा सरला की परत. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद असतात. हा बॅग घेऊन निघतो तेव्हा गल्लीतली पोट्टी रस्त्यावर क्रिकेट खेळत असतात, आणि हा माझ्याकडे असा बघतो जणू तारखा मीच ठरवल्या.

आता हिशेब करा. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आपला नवतपा लागतो. नऊ दिवस. म्हणजे अख्ख्या वर्षातून माझ्या वाट्याला आला तो नेमका नवतपा! शेजारच्या काकू म्हणाल्याच, "काहून वो, लेकराला असल्या उन्हात बोलावून राहिल्या? दिवाळीत बोलवा की." दिवाळी आता एक वर्षाआड आमच्याकडे असते, हे त्यांना कुठं समजावत बसू. म्हटलं, नवतपा तापला तर पाऊस चांगला होतो म्हणतात न, तापू द्या.

लेक त्याला सोडायला येते आणि चार दिवस राहते. गेल्या वर्षी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी उतरली. आंघोळ केली, तर्री-पोहे खाल्ले, थोडा वेळ फोनवर बोलत अंगणात येरझारा घातल्या. दुपारी एकला कूलरसमोर, माझ्या जागेवर, सतरंजी टाकून आडवी झाली. म्हणाली, "साडेतीनला उठव न आई, ऊन उतरलं की बर्डीच्या बाजारात जाऊ." पाच मिनिटांत झोपली. गालाखाली हात, पाचवीत असताना झोपायची तशी. कानाजवळचे केस कूलरच्या हवेनं भुरभुरत होते. पुण्यात ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते. ती सांगत नाही, पण व्हॉट्सॲप सांगतं.

तीनच्या सुमारास कूलरचा पंप गुरगुरायला लागला. टाकीतलं पाणी खाली गेलं की तो हवा ओढतो आणि घशात काही अडकल्यासारखा आवाज काढतो. त्या आवाजानं माणूस हमखास जागा होतो. मोटर लावावी तर तिचा आवाज आणखी मोठा. मग मी माठाशेजारची बादली उचलली आणि मागच्या बाजूनं गेले. चपला सरकवायचंही लक्षात नाही. मागची फरशी म्हणजे तवा. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, पाणी धबधब पडू नये म्हणून ताटीच्या कडेनं तांब्या-तांब्यानं सोडत होते. पंप गप्प झाला. नातू दारात उभा राहून हे बघत होता. मी ओठावर बोट ठेवलं. त्यानंही ठेवलं.

कूलरचं एक आहे, बाहेरची हवा जितकी कोरडी तितका तो गार. ओल्या ताट्यांमधलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ढग आले, हवेत ओल आली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो. म्हणजे लेकीची ती झोप नवतप्यानंच दिलेली म्हणायची. साडेतीन वाजले, साडेचार वाजले. आजोबा चहाला बाहेर आले, त्यांना मी हातानंच परत पाठवलं. आम्ही आजी-नातू कोपऱ्यात बसून आवाज न करता बदाम-सात खेळलो. पत्ता आपटायला बंदी, त्यामुळे त्याचं निम्मं मन खेळात नव्हतं. साडेसहाला ती उठली आणि माझ्यावर चिडली, "उठवलं का नाहीस?"

"विसरले," मी म्हटलं.

तिला कळलं असेल. बर्डी दुसऱ्या दिवशी झाली.

रसाचं थोडं सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात लेक-जावयाला रस खायला बोलावतात. साधा नाही, सरगुंड्यांसोबत. काडीवर कणीक गुंडाळून, वाळवून, मग वाफवलेले सरगुंडे, वर तूप आणि वाटीत रस. ते वेगळे झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला प्रश्न पडला, करू की नको? शेवटी केले. जावयासाठीच करायचे असा कुठं कायदा आहे? पण पानावर बसलो आणि नातू मजेत बोलून गेला, "बाबाला पण रस आवडतो." सगळ्यांचे हात थांबले. ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मग माझ्याच तोंडून निघालं, "आवडतो म्हणजे! तुझे बाबा पहिल्यांदा इथं रस खायला आले तेव्हा सात वाट्या प्यायले होते, आणि वर तूप मागितलं होतं."

"आठ, आई," लेक म्हणाली. आणि हसली.

कुरडया मात्र मी आता बचत गटाकडून घेते. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, पहाटे उठून चीक हाटा. तो सोहळा होता, कारण हाताखाली चार बायका होत्या. आणि त्यांच्या कुरडया माझ्यापेक्षा गोल असतात, हेही कबूल करून टाकते. त्यांच्याकडूनच वाटीभर चीक मागून आणते आणि दूध-साखर घालून नातवाला देते. तो त्याला गोंद म्हणतो आणि दोनदा मागून घेतो.

तसा तो पक्का पुणेकर. आमच्या बोलण्याला हसतो. "आजी, तू 'करून राहिली' काय म्हणतेस? तू करते आहेस." मी म्हणते, हो बावा, करते आहे.

आता 26 मेबद्दल. तो येतानाच वहीत लिहून घेऊन आला होता: नागपूर, शून्य सावली, बारा वाजून दहा मिनिटं. मला काही कळेना. जन्म गेला नागपुरात, उन्हाच्या बढाया मारल्या, आणि वर्षातल्या एका भर दुपारी आपली सावली नाहीशी होते हे मला एवढ्याशा पोरानं सांगावं! त्यानं जमिनीवर खडूनं रेघा मारून समजावलं. सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो तो दिवस प्रत्येक गावाचा निराळा. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा तो दिवसही गावागावांतून वर सरकत जातो. कर्कवृत्तापाशी पोचला की मागे फिरतो. त्याच्या पलीकडे काही नाही. दिल्लीला हा दिवस कधीच येत नाही. (हे ऐकून मला फार बरं वाटलं.) परतीच्या वाटेवर जुलैमध्ये तो एकदा नागपूरवरून जातो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं. म्हणून बघायचा तो मे महिन्यातच, ऐन नवतप्यात.

बाराला पाच कमी असताना आम्ही गच्चीवर गेलो. दोघांच्या डोक्याला ओले दुपट्टे, त्याच्या खिशात कांदा. कांद्यावरून जिन्यात वाद झाला, पण मी ऐकलं नाही. त्यानं माझा शेवयांचा उंच डबा झाकण काढून उपडा ठेवला. डब्याच्या पश्चिमेला दोन बोटं सावली होती. आम्ही उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, फक्त आजूबाजूच्या घरांचे कूलर घुमत होते. दोन बोटांचं एक बोट झालं, मग नखाएवढं, मग सुरीच्या पात्याएवढं. आणि मग ती रेघ डब्याच्या बुडाखाली शिरली. डबा नुसताच उभा, कुणीतरी चिकटवल्यासारखा. कठड्याच्या सळयांच्या सावल्याही गेल्या होत्या.

"आजी, हात पसर." मी पसरले. "बघ, हातांची सावली हातांच्या बरोबर खाली. तू तुझ्याच सावलीवर उभी आहेस."

मी काही बोलले नाही. पायही भाजत होते. तो डब्याभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मला हा दोनदा मिळतो."

"काय?"

"शून्य सावलीचा दिवस. पुण्याचा मेच्या मध्यावर असतो, तो मी बाबाच्या गच्चीवरून पाहिला. मग सूर्य इकडे येतो आणि मी पण इकडे येतो. आमच्या वर्गात कुणालाच दोनदा मिळत नाही."

मी डब्याकडेच बघत राहिले.

"चल खाली," जरा वेळानं मी म्हटलं, "पाय पोळले माझे."

"थांब न आजी." तो पुन्हा उकिडवा बसला होता, या वेळी डब्याच्या पूर्वेला, गाल जवळजवळ फरशीला टेकवून. "दोन मिनिटं. सावली येऊन राहिली."

यंदाही 26 तारखेला आम्ही वर असू. तुम्हीही आपापल्या गच्चीवर जा, बारा वाजून दहा मिनिटांनी. डोक्याला दुपट्टा बांधा आणि चपला घालायला विसरू नका. नमस्कार.