ठाण्याला पाठवण्याजोगा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्याचा. बाहेरगावी कुणी गाव विचारले आणि मी ठाणे म्हणालो, की समोरचा किंचित हसतो. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा मुंबईकरांच्या तोंडी इतकी रुळली आहे (पुणेकर तिथे येरवडा घालतात), की १९०१ सालापासून येथे असलेले मनोरुग्णालय हीच जणू आमची ओळख होऊन बसली आहे. दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’ या कादंबरीतील प्रिन्स मिश्किनविषयी बोलताना ही थट्टा मला टाळता येत नाही. कारण तोही इस्पितळातूनच आलेला आहे.

१८६८ साली प्रसिद्ध होऊ लागलेली ही कादंबरी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात सुरू होते. नोव्हेंबरची अखेर, रशियातली थंडी, आणि विटक्या रेशमी रुमालाचे गाठोडे हातात घेऊन बसलेला हा तरुण अपस्मारावर स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेऊन पीटर्सबर्गला परततो आहे. समोर बसलेला रोगोझिन त्याला ‘देवाचा वेडा’ अशा अर्थाच्या रशियन शब्दाने संबोधतो. महानुभावांच्या गोविंदप्रभूंच्या लीळा वाचलेल्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये.

मिश्किन म्हणजे ख्रिस्ताचे प्रतीक, असे सर्रास म्हटले जाते. सर्वार्थाने सुंदर असा माणूस रंगवायचा आहे, असे लेखकाने भाचीला पत्रातून कळवले होते, तेव्हा या मताला आधार आहेच. मात्र मिश्किनला परीस समजून वाचणाऱ्याच्या पदरी निराशा येते. माझ्या मते तो कसोटीचा दगड आहे. पैशासाठी लग्न करायला निघालेला गान्या बहिणीवर हात उगारतो, मिश्किन तो हात धरतो आणि थोबाडीत खातो. मग कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून तो एवढेच म्हणतो, की या कृत्याची तुम्हाला फार लाज वाटेल. गान्या नंतर माफी मागतो खरा, पण त्याची पैशाची हाव तशीच राहते.

या कसोटीचा दोषही लेखक लपवत नाही. मिश्किनचे जिच्यावर प्रेम आहे ती अग्लाया आणि जिची त्याला करुणा येते ती नास्तास्या समोरासमोर उभ्या असताना मिश्किन क्षणभर घुटमळतो, आणि तेवढ्यात अग्लाया निघून जाते. करुणा सर्वांना सारखी वाटता येत असेल. लग्न तसे करता येत नाही, आणि हे व्यवहारज्ञान त्याच्यापाशी नाही.

शेवटी नास्तास्याचा खून होतो. पडद्याआड तिचे प्रेत आहे, अलीकडे जमिनीवर खुनी रोगोझिन बरळतो आहे, आणि मिश्किन थरथरत्या हाताने त्याचे केस, त्याचे गाल कुरवाळतो आहे. सकाळी लोक दार उघडतात तेव्हा तो कुणालाच ओळखत नाही. रोगोझिनला पंधरा वर्षे सायबेरिया होते. मिश्किनला पुन्हा स्वित्झर्लंडला, त्याच डॉक्टर श्नायडरकडे नेतात. हा डॉक्टर त्या सकाळी तिथे असता, तर पूर्वीसारखाच हात झटकून ‘इडियट!’ म्हणाला असता, असे निवेदक आपल्याला आधीच सांगून ठेवतो.