सिलोमच्या गल्लीतलं अप्पेपात्र

नमस्कार श्रोतेहो.

परदेशी निघालेल्या मुंबईकराच्या बॅगेत काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. ठेपले, मेतकूट, चिवडा, बेसनाचे लाडू. हा खाऊ तिसऱ्या दिवशी तळाला जातो आणि मग डोळे रस्त्यावर एकच गोष्ट शोधायला लागतात, ती म्हणजे ओळखीची पाटी. बर्गरची किंवा पिझ्झाची, जी आपण वांद्र्याला, दादरला रोज बघतो ती. पाटी दिसली की जीव भांड्यात पडतो.

पण श्रोतेहो, पाटी ओळखीची असली तरी पदार्थ ओळखीचा असतोच असं नाही. मॅकडोनाल्ड्स भारतात 1996 साली आलं, ते गोमांस आणि डुकराचं मांस बाहेर ठेवून. आपल्या मुलांना आवडणारी ती आलू टिक्की इथल्यासाठी घडवलेली. त्याच पाटीखाली थायलंडमध्ये डुकराच्या मांसाचा बर्गर मिळतो. आणि अमेरिकेत तर साध्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क चवीसाठी घातला जात होता. 2001 साली शाकाहारी लोक आणि तिथले हिंदू त्यावरून कोर्टात गेले. 2002 साली कंपनीनं माफी मागितली आणि 1 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे ज्यांनी ‘बटाटाच तर आहे’ म्हणून विश्वासानं खाल्लं, त्यांचीच फसगत झाली. म्हणून पुन्हा सांगते, पाटी तीच असली तरी आत काय आहे ते विचारावंच लागतं. आणि विचारायचंच आहे, तर मग फुटपाथवरच्या बाईला का विचारू नये?

हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं.

2018 च्या जानेवारीत आम्ही बँकॉकला गेलो होतो. मी, हे आणि सासूबाई. त्या मूळच्या मालवणच्या, आता पन्नास वर्षं परळला. मासे आवडीनं खातात, पण परक्या मुलखात काय कशात घातलेलं असेल याची त्यांना धास्ती. दोन दिवस त्या फ्राइज आणि केळ्यांवर राहिल्या. मी हजारदा म्हटलं, "आई, थोडं चाखून तर बघा." त्या म्हणायच्या, "तुम्ही खा गो, माका नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सिलोम रस्त्यावरच्या मरिअम्मन देवीच्या देवळात जायचं होतं. तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेलं हे देऊळ, गोपुरासकट. दर्शन झालं, आम्ही बाहेर आलो आणि बाजूच्या गल्लीत वळलो. वळलो आणि सासूबाई थांबल्याच.

समोर एक बाई गाडी लावून बसली होती, सासूबाईंच्याच वयाची. आणि तिच्यापुढे शेगडीवर होतं अप्पेपात्र! बिडाचं, काळंभोर, आपल्यापेक्षा दुप्पट मोठं, पण अप्पेपात्रच. (बिडाचं म्हणून मुद्दाम सांगते. नॉनस्टिकच्या पात्रात अप्प्यांना तो करपूस काठ येत नाही म्हणजे नाही. ज्यांनी घरातलं जुनं बिडाचं पात्र भंगारात दिलं असेल, त्यांनी आजच नवीन घ्यावं.)

तर ती बाई खळग्यांमध्ये तांदळाचं पातळ पीठ ओतत होती, त्यावर नारळाचं दाट दूध, वर चिमूटभर पातीचा कांदा, आणि झाकण. या पदार्थाला थाई भाषेत ‘खनोम क्रोक’ म्हणतात. सासूबाई जवळ गेल्या. झाकण निघालं. कडा कुरकुरीत झालेल्या, मध्ये मात्र दूध अजून थलथलत होतं. आता आपल्याकडे काय करतात? उलटतात. ती बाई उलटेचना! सासूबाईंना राहवेना. त्या मालवणीत ओरडल्या, "अगो बाये, परत ते! कच्चे रवतले!"

त्या बाईला मालवणी कुठून कळणार? पण हात कळला. सासूबाई हवेत उलथनं फिरवत होत्या ना! ती खळखळून हसली, मान हलवली, आणि चमच्यानं एक अर्धा गोल काढून दुसऱ्या अर्ध्यावर पालथा ठेवला. दोन अर्ध्यांचा एक लाडू. मग केळीच्या पानाच्या द्रोणात घालून तो सासूबाईंच्या हातात दिला.

मी श्वास रोखून बघत होते. सासूबाईंनी आधी वास घेतला, मग त्या बाईकडे बोट करून मला म्हणाल्या, "हिच्यात मासळी नाय ना, विचार." मी विचारलं, म्हणजे हातानं पोहणारा मासा करून दाखवला. तिनं जोरात नकार दिला आणि बाजूचा फोडलेला नारळ उचलून दाखवला. सासूबाईंनी घास घेतला. गरम होता, दूध ओठांवरून ओघळलं. आणि त्या म्हणाल्या, "अगो, ह्या तर आमच्या खापरोळेचा रस!"

श्रोतेहो, नारळाच्या दुधात बुडवलेली खापरोळी, म्हणजे कोकणातलं जाडसर जाळीदार घावन, ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

एका द्रोणाचे 30 बाट, म्हणजे तेव्हाचे साधारण 60 रुपये. आम्ही तीन द्रोण खाल्ले. नंतर अर्धा तास या दोघी एकमेकींना हातांनी पाककृती सांगत होत्या. निघताना सासूबाईंनी पिशवीतला शेवटचा बेसनाचा लाडू तिला दिला. तिनं तो कपाळाला लावून मग खाल्ला.

आता पोटाचं. पोट बिघडेल ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण नियम तोच, जो आपण गिरगावात पाळतो. डोळ्यांसमोर शिजलेलं, वाफाळतं, आणि जिथे तिथल्याच लोकांची रांग आहे तिथलं. गरम, समोर केलेलं, गर्दीतलं. गार झालेला भात, कापून ठेवलेली फळं आणि कसलं पाणी आहे ते माहीत नसलेला बर्फ टाळावा. शाकाहारी असाल तर थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला ‘जे’ हा थाई शब्द शोधा. तिथे मांस, मासे, अंडी काहीच घालत नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही. नाहीतर माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ नावाचा रस भाजीतही असतो.

सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे तिथल्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या परंपरेला, 2020 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे मात्र अजून परदेशी सहलींबरोबर महाराज नेतात आणि आल्प्सच्या पायथ्याशी कांदेपोहे वाढतात. मला ते मनापासून खटकतं. वयस्कर माणसांना, पथ्याच्या माणसांना घरचं हवंच, पण वीस-पंचवीस वर्षांच्या मुलांना तरी त्या पंगतीतून उठून गल्लीत जाऊ द्या.

आमच्या घरी हल्ली दर रविवारी दोन तऱ्हेचे अप्पे होतात. एक उलटलेले, नातवंडांना चटणीबरोबर. आणि एक न उलटलेले, नारळाच्या दुधाचे, वर पातीचा कांदा. चाळीतल्या शेजारणी विचारतात, "काकू, हे कुठले हो?" सासूबाई चमच्यानं एक अर्धा दुसऱ्यावर पालथा ठेवतात आणि म्हणतात, "आमच्या बँकॉकच्या बायचे."

नमस्कार.