राखण न लागणारी जागा

[दृश्य: बोगद्यातून खाली उतरणारी गाडी. दिव्यांच्या झोतात ओलसर करडा खडक.]

वळणं घेत घेत आपण जमिनीखाली 400 मीटरपेक्षा जास्त खोल आलो आहोत. या भिंती जवळून पाहा. करड्या खडकात पांढऱ्या-गुलाबी शिरा गुंतल्या आहेत. हा खडक घडला तेव्हा पृथ्वीवर ना झाडं होती, ना प्राणी. त्याचं वय 180 कोटी वर्षांहून अधिक आहे.

ही जागा फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओल्किलुओतो बेटाच्या पोटात आहे. तिचं नाव ओन्कालो. फिनिश भाषेत याचा अर्थ पोकळी, कपार. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन कायमचं ठेवण्यासाठी 2004 पासून ती खोदली जाते आहे. या कामात जगात इतकं पुढे अजून कुणी गेलेलं नाही.

[दृश्य: हातमोज्यातल्या तळव्यावर इंधनाची काळी गोळी.]

अणुइंधन म्हणजे बोटाच्या पेराहून लहान अशा, भाजलेल्या मातीच्या भांड्यासारख्या कडक गोळ्या. त्या धातूच्या लांब नळ्यांत भरतात आणि नळ्यांचे जुडगे बांधून अणुभट्टीत उतरवतात. कोरा युरेनियमचा जुडगा कामगार हातमोजे घालून हाताळू शकतो. तोच जुडगा काही वर्षं भट्टीत राहून बाहेर आला, की त्याच्याजवळ आडोशाशिवाय काही मिनिटं उभं राहणंही जिवावर बेततं. दिसायला मात्र त्यात काहीच फरक नसतो.

म्हणून तो आधी पाण्यात जातो. कित्येक मीटर खोल पाण्याच्या तळाशी हे जुडगे उभे असतात आणि त्यांच्याभोवती निळसर उजेड दिसतो. पाणी उष्णताही शोषतं आणि किरणंही अडवतं. साधारण 40 वर्षांत किरणोत्सर्ग सुरुवातीच्या हजाराव्या हिश्शावर येतो. पण उरतो तो चिवट असतो. त्यातलं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायलाच 24 हजार वर्षं लागतात.

असे तलाव आपल्याकडेही आहेत, पालघर जिल्ह्यात तारापूरला. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 मध्ये अमेरिकेतून आलेल्या इंधनावर सुरू झाल्या. करार 1963 चा. पुढे 1974 मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि दोन्ही देशांचं बिनसलं. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेने संमती दिली नाही आणि ते परतही नेलं नाही. ते तारापूरलाच सांभाळत ठेवावं लागलं.

'सांभाळत' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तलावातलं पाणी फिरतं ठेवावं लागतं. वीज लागते, पंप लागतो, रात्रपाळीचा माणूस लागतो, त्याला पगार देणारं सरकार लागतं. 2011 मध्ये फुकुशिमाची वीज गेली, तेव्हा भट्ट्यांइतकीच काळजी या तलावांची होती. पाणी आटलं तर काय, या धास्तीने वरून पाण्याचे फवारे मारावे लागले. 50 वर्षं अशी राखण करता येते, 100 वर्षंही जमेल. पण 1 लाख वर्षं कोण करणार?

ओन्कालोची सगळी रचना या प्रश्नातून निघाली आहे. राखण करणारं कुणी उरलं नाही, तरी चालेल अशी जागा.

[दृश्य: तांब्याचा भला मोठा डबा. शेजारी उभा कामगार त्याच्यापुढे लहान दिसतो.]

हा तांब्याचा डबा पाहा. लांबी सुमारे 5 मीटर, रुंदी 1 मीटर. आत ओतीव लोखंडाचा गाभा आहे आणि त्यातल्या खाचांत 12 जुडगे बसतात. बाहेरचा तांब्याचा थर 5 सेंटीमीटर जाड आहे. झाकण फिरत्या अवजाराच्या घर्षणाने अंगालाच सांधतात, म्हणजे डाग देतात तसा जोड राहत नाही. आपल्या घरातली तांब्याची घागर चार दिवसांत काळवंडते, चिंच लावून घासावी लागते, मग तांबंच का? घागर काळवंडते ती मुख्यतः हवेमुळे. इतक्या खोल खडकातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तिथे तांबं फार काळ टिकतं.

डबा बोगद्याच्या तळात पाडलेल्या, सुमारे 8 मीटर खोल उभ्या भोकात उतरतो. त्याच्याभोवती बेंटोनाइट नावाची चिकणमाती दाबून भरतात. ही माती महाराष्ट्राला परकी नाही. मे महिन्यात मराठवाड्यातल्या काळ्या रानात गेलात, तर भेगेत हात मनगटापर्यंत जातो. दोन मोठे पाऊस झाले की तीच भेग शोधून सापडत नाही. काळ्या मातीला असं फुगवणारं खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, बेंटोनाइटमध्ये ठासून भरलेलं असतं. काळ्या रानात घर बांधणाऱ्याला ही माती वैरीण वाटते, कारण तिच्या फुगण्याने भिंती तडकतात. ओन्कालोत तोच गुण कामाला येतो. खडकातून पाणी झिरपलं की माती फुगते, प्रत्येक फट बुजवते आणि पाण्याचा रस्ता बंद करते. खडक थोडा हलला तर धक्काही तीच सोसते.

बोगदेही शेवटी मातीनेच भरायचे आहेत. भोवतीचा खडक मग आपला आपण उभा राहील.

यात शंकेला जागा नाही, असं मी म्हणणार नाही. ही पद्धत मूळची स्वीडनची. तिथल्या काही संशोधकांनी तांबं प्राणवायूशिवायही गंजू शकतं असं मांडलं, आणि जानेवारी 2018 मध्ये स्वीडनच्या पर्यावरण न्यायालयाने तांब्याविषयी अधिक पुरावा मागितला. सरकारची मंजुरी आली ती 2022 मध्ये. या उशिराचा मला आदर वाटतो.

[दृश्य: अलिबागजवळचं आक्षी. शिलालेखाचा दगड, वर कोरलेले चंद्र आणि सूर्य.]

आता 1 लाख वर्षं म्हणजे किती, ते या दगडापाशी उभं राहून पाहू. आक्षीचा हा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा मानतात. भाषा मराठीच, पण तज्ज्ञाने वाचून दाखवल्याशिवाय आपल्याला ती कळत नाही. कोकणात त्या काळचे गधेगाळ जागोजागी सापडतात. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर ही आज्ञा चालावी. खाली गाढव आणि बाई यांचं शिल्प, म्हणजे दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दिलेली शिवी. राजाने धाक बसावा म्हणून दगड रोवला होता. आज काही गावांत त्यालाच शेंदूर फासून पूजा होते, तर काही गावांत तो अपशकुनी समजतात. हजार वर्षांत धमकीचा देव झाला.

ओन्कालोवर कसला फलक लावायचा, यावर बरीच चर्चा झाली आहे. गधेगाळ पाहिलेल्या माणसाला फलकांचा फारसा भरवसा वाटू नये. इथली सुरक्षितता मुळात फलकावर बेतलेलीच नाही. येत्या हजारो वर्षांत इथे पुन्हा हिमयुग येईल, डोक्यावर किलोमीटरभर आणि त्याहून जाड बर्फ साचेल, हेही हिशेबात धरलं आहे. मागच्या हिमयुगाच्या ओझ्याखाली दबलेली ही जमीन आजही वर्षाला सुमारे 6 मिलिमीटर वर येते आहे.

[दृश्य: एउरायोकी गावचा रस्ता, शेतं, भट्ट्यांच्या दिशेने गेलेल्या विजेच्या तारा.]

खडकाइतकंच अवघड काम वर, गावात होतं. फिनलंड आपलं काही वापरलेलं इंधन रशियाला पाठवत असे. 1994 मध्ये कायदा बदलला: आपला अणुकचरा आपल्याच देशात ठेवायचा, बाहेर पाठवायचा नाही. आणि ज्या गावात जागा हवी, त्या गावाला नकाराचा हक्क कायद्याने आधीच दिला होता. तो नकार सरकारलाही डावलता येत नाही. ओल्किलुओतो ज्या गावाच्या हद्दीत येतं, त्या एउरायोकीच्या गावसभेत जानेवारी 2000 मध्ये मतदान झालं. 20 जण बाजूने, 7 विरोधात. पुढच्या वर्षी संसदेने 159 विरुद्ध 3 मतांनी शिक्कामोर्तब केलं. गावाला भट्ट्यांचा शेजार आधीपासून होता, त्यांच्याकडून मोठा मालमत्ता करही मिळत होता, हे खरंच. पण विचारलं होतं, आणि नाही म्हणता येत होतं.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी आहे. भारत वापरलेल्या इंधनाला कचरा मानत नाही. त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढायचं आणि उरलेला जहाल भाग काचेत वितळवून कोंडायचा, हे धोरण. प्रयोगशाळेतलं चंचुपात्र बनतं, त्याच जातीची ही काच. काचेने भरलेले पोलादी डबे तारापूरला तळघरात ठेवतात. तिथे पंख्याची गरज नाही. गरम हवा उंच धुरांड्यातून वर जाते, खालून गार हवा येते. काही दशकं हे चालेल. पण त्या काचेलाही शेवटी खोल खडकच लागणार आहे.

आणि ती जागा अजून ठरलेली नाही. 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 1 किलोमीटर खोलीवर, उष्णतेने खडकाचं काय होतं याचे प्रयोग झाले. नोव्हेंबर 2012 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर कोलारचं नाव निघालं. कोलारच्या लोकांना ते बातम्यांतून कळलं. लोक रस्त्यावर उतरले, आणि तिथे कचरा ठेवण्याचा विचार नाही असा खुलासा आला.

ती खाण योग्य होती की नव्हती, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील. आपल्या नावाचा उल्लेख कोर्टात होण्याआधी कोलारच्या लोकांना कुणी येऊन विचारायला हवं होतं. पुढची जागा सह्याद्रीच्या अलीकडे निघो वा पलीकडे, तिथल्या ग्रामसभेला नकाराचा हक्क कायद्यात आधी लिहून हवा, खड्डा नंतर.

[दृश्य: ओन्कालो. उद्वाहनातून खाली जाणारा तांब्याचा डबा.]

ऑगस्ट 2024 मध्ये इथे चाचणी सुरू झाली. डबे खरे, आतले जुडगे मात्र नकली. उतरवणं, ठेवणं, माती भरणं, सगळी तालीम. खऱ्या इंधनाने ही जागा भरायला पुढची सुमारे 100 वर्षं लागतील. मग तोंड बुजवायचं. वर पाइन आणि बर्चची झाडं पुन्हा वाढतील.