रायबोसोम कुणाच्या ताब्यात?

(दृश्य: बडोदा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ, विज्ञान शाखा.)

दांडिया बाजारातली कितीतरी मराठी मुलं विज्ञान शिकायला इथेच येत आली. वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली तीही इथेच. २००९ मध्ये थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल. बडोदेकरांना त्याचा अभिमान आहेच. पण नोबेल कशासाठी मिळालं, हेही आपल्या मुलांना सांगता यायला हवं. कारण विषाणू अंगात शिरला की झटापट होते ती याच रायबोसोमवरून.

संदेशवाहक आरएनएवरचा, म्हणजे जनुकाकडून आलेल्या संदेशावरचा मजकूर वाचायचा आणि त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन तयार करायचं, हे रायबोसोमचं काम. आपल्या एकेका पेशीत ते लाखोंनी असतात. विषाणूकडे मात्र एकही नसतो. त्याच्याजवळ असतो तो नुसता मजकूर. तो वाचून घ्यायचा तर आपलेच रायबोसोम हवेत, आणि ते तर पेशीच्या कामाला जुंपलेले.

(दृश्य: पोलिओ बूथ. बाळाच्या करंगळीला शाई.)

ज्याच्यासाठी आपण मुलांना दोन थेंब पाजतो, त्या पोलिओच्या विषाणूची तऱ्हा पाहा. आपल्या संदेशांच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. तिच्यापाशी रायबोसोम आणून जोडतं ते इआयएफ-४जी नावाचं लांबलचक प्रथिन. एक टोक टोपीकडे, दुसरं रायबोसोमकडे. पोलिओचं टू-ए हे विकर नेमकं या दोन टोकांच्या मधे कापतं. काही तासांत पेशीची स्वतःची प्रथिनं बनणं जवळपास थांबतं.

पोलिओच्या आरएनएला टोपी नसतेच. त्याच्या सुरुवातीला घड्या पडलेला एक भाग असतो, रायबोसोम थेट तिथे येऊन बसतो. जेरी पेलेटिए आणि नाहुम सोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये हे दाखवून दिलं. आणि थक्क करणारी गोष्ट म्हणजे कापलेल्या प्रथिनाचा रायबोसोमकडचा तुकडा वाया जात नाही. तोच आता विषाणूची चाकरी करतो.

कोरोनाच्या विषाणूचं एनएसपी-१ हे प्रथिन वेगळ्या जागी घाव घालतं. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक छोटा, एक मोठा. छोट्या भागात संदेश जिथून आत सरकतो, त्या वाटेत ते आपलं शेपूट खुपसतं, बाटलीला बूच मारावं तसं. २०२० मध्ये रेणू गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते स्पष्ट दिसलं. रामकृष्णन यांनी २००० साली उलगडलेला छोटा भाग जिवाणूचा होता. आपल्या रायबोसोमचा छोटा भाग त्याहून मोठा, पण गाभा तोच. कोरोनाच्या संदेशांच्या सुरुवातीच्या ठरावीक क्रमामुळे ते या अडसरातून सुटतात. अडकतात ते आपले, आणि त्यांतच शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या इंटरफेरॉनचेही.

पेशीही गप्प बसत नाही. विषाणूचा दुहेरी, म्हणजे दोन धाग्यांचा आरएनए आढळला, की पीकेआर हे विकर प्रथिननिर्मितीची सुरुवात करून देणाऱ्या इआयएफ-२ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं आणि पेशी प्रथिननिर्मिती आपण होऊन बंद पाडते. स्वतःचा जीव गेला तरी चालेल, पण संसर्ग पुढे जाऊ द्यायचा नाही, इतकी टोकाची ही लढाई. फ्लूच्या विषाणूने त्यावरही तोड काढली: त्याचं एनएस-१ हे प्रथिन दुहेरी आरएनए झाकून ठेवतं आणि पीकेआरलाही अडवतं. पण शेजारच्या पेशींपर्यंत इंटरफेरॉन आधीच पोचला असेल, तर त्यांनी पीकेआरचा साठा वाढवून ठेवलेला असतो. तिथे फ्लूचं काम इतकं सोपं राहत नाही.