आज रोख, उद्या उधार

[जरीमरी, कुर्ला. गच्चीवरून. पत्र्याच्या छपरांवरून उतरणारं विमान.]

जरीमरीत बोलणं मध्येच थांबतं. विमान डोक्यावरून जातं, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू होतं. शेपटीचा रंग पाहून कंपनीचं नाव सांगणारी पोरं इथे गल्लोगल्ली आहेत.

[खाली. किराणा दुकान. आधी पाटी, मग वही.]

पाटीवर लिहिलंय : आज रोख, उद्या उधार. पाटी असली तरी गल्लीत उधारी द्यावीच लागते, आणि ती या लाल वहीत उतरते. नाव, तारीख, रक्कम. महिना भरला की दुकानदार वही गिऱ्हाइकापुढे सरकवतो. हे पान नीट पाहा. खोडलेली ओळ म्हणजे फिटलेला पैसा.

देशाच्या नेत्यांच्या परदेशवारीची उधारीही अशाच एका वहीत लिहिली जायची. ती वही एअर इंडियाकडे होती, आणि तिच्यातल्या कितीतरी ओळी वर्षानुवर्षं खोडल्या गेल्या नाहीत.

[जुहू विमानतळ. कुंपणातून धावपट्टी. गवत.]

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून निघालेलं एक चिमुकलं पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे इथे उतरलं. चालवत होते जे. आर. डी. टाटा. सोबत होतं फक्त टपाल. ते पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासला नेलं. तेव्हा जुहूला मातीचं मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. सरकारशी करार झाला तो अनुदानाशिवाय : जेवढं टपाल पोचवाल तेवढ्याचे पैसे. या देशातली हवाई टपालसेवा अशी उभी राहिली, वजनकाट्यावर. आम्हाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण तिच्यात विकणारा आणि विकत घेणारा वेगळे आहेत आणि दोघांनाही भाव ठाऊक आहे.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. अध्यक्ष जेआरडीच राहिले, १९७८ पर्यंत. पण गिऱ्हाईक आणि मालक आता एकच झाले होते.

मालकाकडे उधारी मागायची कशी?

[कलिना. निवृत्त तंत्रज्ञाच्या घरातला फोटो-अल्बम. बोट एका फोटोवर थांबतं.]

या काकांनी हँगरमध्ये आयुष्य घालवलं. अल्बममधलं हे विमान म्हणजे बोइंग ७४७-४००, सगळ्यांच्या तोंडी ‘जम्बो’. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान दूरच्या परदेश दौऱ्यावर निघायचे तेव्हा एअर इंडियाच्या ताफ्यातलाच एक जम्बो बाजूला काढला जाई. कालपर्यंत त्यात तिकीट काढलेले प्रवासी बसलेले असायचे. मग आतली आसनं सुटायची. त्यांच्या जागी शयनकक्ष, बैठकीची जागा, सोबतच्या अधिकाऱ्यांची आणि पत्रकारांची सोय. सुरक्षा यंत्रणांची तपासणी. दौरा संपला की पुन्हा सगळं सोडवायचं आणि आसनं पूर्ववत बसवायची. एवढ्यावर भागत नसे. पहिल्यात बिघाड झालाच तर, म्हणून दुसरा जम्बो तयार ठेवावा लागे. तो उडाला नाही तरी त्या दिवसांत तिकिटं विकून पैसा मिळवत नव्हता. आम्हा खुल्या बाजाराच्या लोकांना हिशेब इथे सापडतो : उभ्या विमानाचं बिल डोळ्यांना दिसत नाही.

काकांना आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. पेच नीट बसला की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. पैसे कोण देणार, हा नव्हता.

[मुंबई विमानतळ, २२ एप्रिल २०२४. ‘आग्रा’ नावाचा जम्बो. निरोपाचं उड्डाण. हवेत पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकतात. निवेदन थांबतं.]

[माहिती अधिकारातल्या उत्तराची प्रत.]

एअर इंडियाची सरकारकडे असलेली थकबाकी. सप्टेंबर २०१८ अखेर १,१४६ कोटी ८६ लाख रुपये. मंत्रिमंडळ सचिवालय आणि पंतप्रधान कार्यालय मिळून ५४३ कोटी, परराष्ट्र मंत्रालय ३९२ कोटी, संरक्षण मंत्रालय २११ कोटी. नोव्हेंबर २०१९ अखेर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विशेष विमानांपोटी ८२२ कोटी अजून येणं होतं. महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. एअर इंडिया बुडाली ती एवढ्या उधारीने नव्हे, हे मान्य. तिच्यावरचं कर्ज साठ हजार कोटींवर गेलं, त्यातले सुमारे ४६ हजार कोटी टाटांना विक्री झाली तेव्हा सरकारी कंपनीकडे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे राहिले. पुढे जाऊ.

[फोर्ट. दादाभाई नौरोजी मार्ग. जुन्या इमारतींचे जिने.]

सरकारी खर्चाला भाव विचारण्याची सवय या शहराला जुनी आहे. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही खुल्या बाजाराची बाजू मांडणारी संस्था सुरू केली. हेच श्रॉफ १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेल्या आर्थिक विकास योजनेच्या, कर्त्यांपैकी एक. त्या योजनेत सरकारला मोठं काम दिलेलं होतं, हे विशेष. १९५९ मध्ये राजाजींसोबत स्वतंत्र पक्ष उभा करणारे मिनू मसानी १९४३ साली मुंबईचे महापौर होते. आणि कायदेपंडित नानी पालखीवाला! त्यांचं अर्थसंकल्पावरचं भाषण ऐकायला सभागृहं अपुरी पडली, तेव्हा ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. क्रिकेटच्या मैदानावर लोक करांचे दर ऐकायला येत.

खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन १९५५ मध्ये भारतात आले आणि अर्थ मंत्रालयाला टिपण देऊन गेले. अर्थमंत्री होते आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख, पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे. फ्रीडमन यांची पैसे खर्च करण्याची मांडणी साधी आहे. आपला पैसा आपल्यासाठी खर्चताना माणूस भावही पाहतो, मालही पाहतो. दुसऱ्याचा पैसा आपल्यासाठी खर्चताना माल पाहतो, भाव पाहत नाही. दुसऱ्याचा पैसा दुसऱ्यासाठी खर्चायचा असेल तर दोन्हीकडे काणाडोळा. नेत्याचं विमान ठरवणारा अधिकारी शेवटच्या रांगेत बसतो आणि त्यात उडणारा नेता मधल्या.

नेत्यांनी विमानात बसूच नये, असं आमचं म्हणणं नाही. अडॅम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलं की देशाचं संरक्षण आणि राज्यप्रमुखाची प्रतिष्ठा यांवरचा खर्च साऱ्या समाजाच्या हिताचा असतो आणि तो साऱ्यांच्या वर्गणीतून व्हावा. पंतप्रधान कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या विमानावर क्षेपणास्त्र सुटू नये ही आपलीही गरज आहे. वर्गणी द्यायला आम्ही तयार आहोत. वर्गणीचा हिशेब मंडळाच्या फलकावर लागतो, तसा याचाही लागावा.

[संग्रहित दृश्य : दिल्ली, ऑक्टोबर २०२०. पांढरं विमान, अंगावर ‘भारत’ आणि ‘इंडिया’.]

जम्बोंच्या जागी दोन बोइंग ७७७ आली. एअर इंडियाच्या २००६ च्या ६८ विमानांच्या मागणीतलीच ही. २०१८ मध्ये मिळाली, काही महिने साधे प्रवासी घेऊन उडाली, मग फेरबदलासाठी बोइंगकडे परत गेली. क्षेपणास्त्रांपासून बचाव करणाऱ्या दोन संचांच्या विक्रीला अमेरिकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजुरी दिली, अंदाजे किंमत १९ कोटी डॉलर. दोन्ही विमानांचा मिळून सुमारे ८,४०० कोटी रुपयांचा आकडा बातम्यांत आला. आता ती हवाई दलाचे वैमानिक उडवतात. आसनं काढायची-बसवायची कटकट संपली, हे चांगलंच झालं. पण मोठं भांडवल दोन यंत्रांत अडकलं, आणि बिल पाठवणारी विमान कंपनीही मधून गेली.

मेक्सिकोला आमचा कॅमेरा गेला नाही, म्हणून थोडक्यात. तिथल्या अध्यक्षांसाठी सुमारे २१ कोटी ८० लाख डॉलरना बोइंग ७८७ घेतलं गेलं. नवे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी ते वापरायला नकार दिला आणि साध्या विमानाने फिरू लागले. हे विमान वर्षानुवर्षं विकलं जाईना. अखेर २०२३ मध्ये ताजिकिस्तानने ते सुमारे ९ कोटी २० लाख डॉलरना घेतलं. राजेशाही सजावटीला बाजारात गिऱ्हाईक नसतं. म्हणून घेतानाच विचारायचं : भाड्याने किती पडेल, वर्षाला किती तास उडेल, तासाला किती?

[नरिमन पॉइंट. समुद्राकडून एअर इंडियाची इमारत.]

१९७४ ची ही तेवीस मजली इमारत. महाराष्ट्र सरकारने ती १,६०१ कोटींना घेतली. पैसा एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात.

[मोबाइलचा पडदा. पंतप्रधान कार्यालयाचं संकेतस्थळ. बोट खाली सरकतं.]

परदेश दौऱ्यांची यादी इथे आहे. एअर इंडियाच्या विशेष विमानांपुढे रुपयांत खर्च दिलेला आहे. हवाई दलाचं विमान वापरलेल्या काही दौऱ्यांपुढे रकमेच्या रकान्यात फक्त विमानाचं नाव. दौरा झाल्यावर तासाचा दर आणि उडालेले तास, एवढे दोन आकडे तिथे छापले तर सुरक्षेचं काहीही उघड होत नाही.

[जरीमरी. दुकान. संध्याकाळ. गिऱ्हाईक नोटा मोजून देतं, दुकानदार वहीतली एक ओळ खोडतो. वरून विमान. निवेदन नाही.]