मराठी कागद स्कॅन केलात, पण तो शोधता येतो का?

नमस्कार मंडळी. आज विषय आहे घरातल्या आणि सोसायटीच्या कपाटातल्या कागदांचा.

मुंबईत इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली की पहिली धावपळ कागदांसाठी होते. शेअर सर्टिफिकेट, अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, जुन्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. पगडीच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा तर सगळा आधार भाडेपावत्यांवर असतो. आणि गिरणी कामगारांच्या घरांसाठी ज्यांनी अर्ज केलेत, त्यांना विचारा. 1982 च्या संपाच्या काळातला एक पगाराचा कागद, एक तिकीट नंबर सापडावा म्हणून अख्खी पेटी उलटी करावी लागते.

बरं, हल्ली बऱ्याच जणांनी कागद स्कॅन करून ठेवलेत. चांगलंच केलंय. पण त्यातली एखादी फाईल आत्ता उघडा आणि शोधाच्या चौकटीत आपलं आडनाव टाईप करा. काहीच सापडलं नाही? मग तुमच्याकडे कागदाचा फोटो आहे, मजकूर नाही. चारशे पानांच्या अशा पीडीएफमध्ये एक ठराव शोधायचा तर चारशे पानं डोळ्यांखालूनच घालावी लागणार. ती फाईल शोधण्याजोगी कशी करायची आणि मराठीत हे काम कुठे अडतं, ते आज बघू.

याला ओसीआर म्हणतात. सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं ओळखतं आणि ओळखलेला मजकूर त्याच पानावर, जिथल्या तिथे, न दिसणाऱ्या थरात ठेवतं. पान दिसायला आहे तसंच राहतं, शिक्के आणि सह्यांसकट. शोध मात्र त्या न दिसणाऱ्या थरात होतो. म्हणून तो थर किती बरोबर आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

आता आपल्या लिपीची अडचण बघा. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा अख्खा शब्द जोडून टाकते. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. एकेक अक्षर कापून ओळखायची जुनी पद्धत इथे लंगडी पडायची. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर इंजिन 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. 2018 मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कने, म्हणजे असंख्य नमुने बघून शिकलेल्या प्रोग्रामने, अख्खी ओळ सलग वाचतं. छापील मराठीसाठी हा बदल फार मोलाचा ठरला. पण शिरोरेषा तुटलेली असेल, पान तिरकं असेल, अनुस्वाराचा ठिपका पुसट असेल, तर ते आजही चुकतं.

म्हणून खरी मेहनत स्कॅन करतानाच घ्यायची. पिना काढा, घड्या सपाट करा. लॅमिनेशन केलेल्या कागदावर दिव्याची तिरीप पडू देऊ नका, कारण चकाकीखालचा मजकूर गेलाच म्हणून समजा. स्कॅनर असेल तर 300 डीपीआय ठेवा, म्हणजे एका इंचात 300 ठिपके. ए-फोर पानाचे त्यात सुमारे 87 लाख ठिपके होतात आणि अनुस्वार टिकतो. बारीक टाईप असेल तर 400. आणि निव्वळ काळा-पांढरा मोड वापरू नका, ग्रेस्केल (करड्या छटांचा) किंवा रंगीत घ्या. सोसायटीच्या पत्रावर जांभळा शिक्का नेमका आकड्यांवर मारलेला असतो. काळ्या-पांढऱ्यात त्याचा डाग होतो, रंगीतमध्ये खालचे आकडे दिसतात.

मोबाईलने काढणार असाल तर खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फोन कागदाला समांतर धरून. आणि कृपा करून ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं आणि बारीक अक्षर पुसट होतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता सॉफ्टवेअर. घरच्या कामासाठी मी नॅप्स-टू सुचवेन. मोफत आहे, कॉम्प्युटरवरच चालतं, आत टेसरॅक्टच वापरतं. ओसीआरच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषेची फाईल उतरवून घ्यायची. ही पायरी बहुतेकांची राहून जाते. भाषा इंग्रजीच राहिली, की सॉफ्टवेअर मराठी पानात इंग्रजी अक्षरं शोधत बसतं आणि आपण म्हणतो, मराठीत हे होतच नाही. होतं. आधी केलेले स्कॅनही यात आणता येतात, पुन्हा कागद काढायला नको. शेकडो पानं असतील आणि कमांड लिहायची सवय असेल, तर ओसीआरमायपीडीएफ घ्या. ते तिरकी पानं सरळ करतं आणि दीर्घकाळ जपणुकीसाठी ठरलेल्या पीडीएफ-ए प्रकारात फाईल देतं.

गूगल ड्राइव्हवर फोटो चढवून तो डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर मिळतो, मराठीतही. पण पानाची मांडणी मोडते. एखादं पत्र पुन्हा टाईप करणं वाचवायला ठीक आहे, दप्तर ठेवायला नाही. आणि आधार, पॅन, अ‍ॅग्रीमेंट असले कागद कुठल्यातरी फुकट ओसीआर वेबसाइटवर चढवू नका. आपल्या कॉम्प्युटरवर होणारं काम परक्याच्या सर्व्हरवर कशाला?

आता जरा जवळून बघूया.

(स्क्रीनवर: मेंटेनन्सच्या पावतीचा मोठा केलेला भाग)

ही पावती मराठीत छापलेली, रक्कम देवनागरीत, एक हजार पाचशे: १५००. भाषा इंग्रजी ठेवली तर देवनागरी एकचा आकार इंग्रजी नऊसारखा दिसतो, पाचचा चारसारखा. सॉफ्टवेअर लिहितं 9400. पान बघणाऱ्याला दीड हजार दिसतात, शोधणाऱ्याला नऊ हजार चारशे. मराठी निवडलं की हा घोळ बराच कमी होतो, पण एकाच पानावर दोन्ही भाषांचे आकडे असले, तर पूर्ण जात नाही. अक्षरांतही जोड्या आहेत: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य. म्हणून अख्खं पान तपासत बसू नका. नावं, तारखा, रकमा, खोली नंबर आणि सर्टिफिकेट नंबर, एवढं मात्र प्रत्येक कागदावर डोळ्यांनी ताडून बघाच. बाकी मजकुरात वेलांटी चुकली तर बिघडत नाही. आडनाव चुकलं तर तो कागद शोधात कधीच वर येणार नाही.

अजून एक सापळा, आणि हा खास आपला. सोसायटीच्या ऑफिसातली जुनी पीडीएफ कॉम्प्युटरवर टाईप केलेली, अक्षर स्वच्छ, तरी शोध लागत नाही. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला पडेल. कारण युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड, रुळायच्या आधी मराठी टायपिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये व्हायचं. पडद्यावर ‘अ’ दिसला तरी आत इंग्रजी चिन्हाचाच कोड बसलेला असायचा. ओसीआर सॉफ्टवेअर अशा पानाकडे बघतं, ‘इथे मजकूर आहेच’ म्हणतं आणि पान सोडून देतं. तिथे सक्तीने ओसीआर करायला सांगावं लागतं, म्हणजे पानाचं आधी चित्र होतं आणि मग ते वाचलं जातं. ओसीआरमायपीडीएफमध्ये तसा पर्याय आहे.

कागद 1962 च्या आधीचे असतील, तर शोधतानाही जरा डोकं लावा. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि बरेच अनुस्वार गेले. जुन्या छापील कागदात ‘नांव’ असतं, ‘कांहीं’ असतं, ‘घरांत’ असतं. तुम्ही ‘नाव’ टाकून शोधलंत तर सॉफ्टवेअर नाही म्हणणार, आणि त्याचं बरोबरच असतं. दोन्ही रूपं टाकून बघा, किंवा शब्दाचा न बदलणारा तुकडाच टाका. ‘हस्तांतरण’ ऐवजी नुसतं ‘तरण’ टाकलं तरी चालतं.

आता कुठला कागद आधी घ्यायचा? थर्मल पेपरच्या पावत्या, म्हणजे त्या गुळगुळीत, काही महिन्यांत उडून जाणाऱ्या. मग कार्बन कॉपी आणि सायक्लोस्टाइल. मग कसर लागलेले, दमट झालेले. चांगल्या बाँड पेपरवरची अ‍ॅग्रीमेंट शेवटी घेतलीत तरी चालतील. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र हे काम टाळू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या किती घरांत आणि ऑफिसांत कागदांचा लगदा झाला, हे त्या दिवशी मुंबईत असलेल्यांना सांगायला नको. म्हणूनच स्कॅनची हार्ड डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. एक प्रत दुसऱ्या घरी, एक क्लाउडवर.

मूळ कागद फेकायचा नाही. स्कॅन शोधायला आहे. रजिस्ट्रारसमोर किंवा कोर्टात मूळच मागतात.

राहिलं हाताने लिहिलेलं. जुनी प्रोसिडिंग बुकं, भाडेवसुलीच्या वह्या. यांना ओसीआर लावून भरवसा ठेवू नका, टेसरॅक्ट छापील अक्षरासाठी आहे. मोडीतला कागद असेल तर जाणकार मोडी वाचकच गाठा. वहीसाठी साधा उपाय: पानं क्रमाने स्कॅन करा आणि बरोबर एक एक्सेल ठेवा. त्यात पान क्रमांक, सभेची तारीख, ठरावाचा विषय आणि सूचक-अनुमोदकांची नावं, युनिकोडमध्ये. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. सोसायटीत दोघांनी मिळून केलं तर उत्तम, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाईप करायचं. आणि जुन्या सेक्रेटरींचं अक्षर लागत नसेल तर ते आहेत तोवर त्यांनाच शेजारी बसवा.