पिसान्की: पोलंडच्या अंड्यांवरची मेणाची नक्षी

(दृश्य: लाकडी टेबल. छोट्या मेणबत्तीवर तापणारी मेणाची वाटी. शेजारी पांढरी अंडी आणि पांढऱ्या नक्षीचं एक रंगवलेलं अंडं.)

या अंड्यावर पांढरा रंग कुणीही लावलेला नाही. ही पांढरी नक्षी म्हणजे उघडं राहिलेलं टरफल. रंगाला तिथे पोचूच दिलेलं नाही. पोलंडमध्ये ईस्टरसाठी सजवलेल्या अंड्यांना पिसान्की म्हणतात आणि त्यातल्या सर्वांत जुन्या पद्धतीचं सगळं गणित या अडवणुकीवर चालतं. जिथे मेण, तिथे रंग नाही.

ही युक्ती हजार वर्षांपूर्वीची आहे. ओपोले शहरात ओस्त्रुवेक इथल्या उत्खननात १०व्या शतकातली अंडी सापडली. नक्षी मेणाची आणि रंग कांद्याच्या सालीचा नाहीतर गेरूसारख्या मातीचा. आजही सामान तेच.

(दृश्य: काडीच्या टोकाला खोचलेली टाचणी, डोकं बाहेर.)

ईशान्य पोलंडमधलं लिप्स्क हे गाव या कामासाठी ओळखलं जातं. तिथलं हत्यार म्हणजे काडीत खोचलेली साधी टाचणी. तिचं डोकं वितळलेल्या मधमाश्यांच्या मेणात बुडवायचं, अंड्यावर टेकवायचं आणि त्याच क्षणी ओढायचं. टेकलं तिथे जाड थेंब, ओढलं तिथे निमुळती शेपटी. एकदा बुडवलं की एकच फटकारा. दुसरा मारायला जाल तर मेण गोठलेलं असतं. एका बिंदूभोवती असे फटकारे गोलाकार मारले की सूर्य होतो, एका रेघेच्या दोन्ही बाजूंना मारले की फरच्या झाडाची डहाळी. लिप्स्कची बहुतेक नक्षी या एका फटकाऱ्यातून उभी राहते.

मेण पुरेसं तापलंय की नाही, हे अंड्यावरच कळतं. नीट तापलेलं मेण टरफलाला चिकटून पारदर्शक, किंचित गडद दिसतं. थंड पडलेलं मेण फिकट, उंच गाठीसारखं बसतं आणि रंगात गेल्यावर टपकन सुटून येतं. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, पण नुसतं वितळून भागत नाही, त्याहून थोडं जास्त गरम लागतं. धूर यायला लागला की मात्र जास्त झालं: रेघ पसरते, थेंब ओघळतो.

ओघळलेला थेंब खरवडू नका. मेण निघालं तरी त्याचा तेलकटपणा टरफलात राहतो आणि रंग तिथे धरत नाही. त्या थेंबाचं फूल करून टाकायचं. जुन्या अंड्यांवर भलत्याच जागी एखादं फूल दिसलं, तर शंका घ्यायला जागा आहे!

अंडं फ्रिजमधून काढून लगेच हातात घेऊ नये, त्याला घाम सुटतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याच्या फडक्याने पुसावं. बोटांचा तेलकटपणाही रंग अडवतो. ठसे उमटतात ते असे.

(दृश्य: पातेल्यात उकळणारी कांद्याची सालं.)

आता रंग. पोलिश घरांत ईस्टरच्या आधीचे काही आठवडे कांद्याची सालं साठवतात. एक लिटर पाण्याला दहा-बारा कांद्यांची सुकी सालं, अर्धा ते पाऊण तास उकळून, गाळून घ्यायची. थोडा वेळ बुडवलं तर पिवळा-नारिंगी, तासभर ठेवलं तर विटकरी-तपकिरी. पूर्वी हिरव्यासाठी राईचे कोवळे कोंब आणि काळ्यासाठी ओकची साल वापरत. बीट मात्र फसवं आहे. रस गर्द, अंड्यावर फिकट गुलाबी, आणि वाळलं की मळकट.

रंग कोमट हवा. गरम रंगात मेणच वितळतं आणि सगळी मेहनत पातेल्यात. पेलाभर रंगाला एक मोठा चमचा व्हिनेगर पुरे. जास्त घातलंत तर टरफलावर बुडबुडे दिसू लागतात, म्हणजे आम्ल कवच खातंय आणि मेणाखालचा आधार काढून घेतंय.

अनेक रंग हवे असतील तर फिकटाकडून गडदाकडे जायचं. पांढरं राहायचं तिथे मेण, मग पिवळ्यात बुडी, पिवळं राहायचं तिथे मेण, मग लाल, शेवटी काळा. दर वेळी अंडं टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. मधला निळा अडचणीचा, कारण पिवळ्यावर तो हिरवा होतो. निळा हवाच असेल तर तेवढ्या भागापुरता कुंचल्याने लावतात.

(दृश्य: ज्योतीच्या कडेला धरलेलं काळं अंडं. मऊ फडकं फिरतं आणि रंग उघडे पडतात.)

मेण काढताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर नाही. वर धरलं की काजळी बसते आणि पिवळा कायमचा करडा होतो. मेण चमकायला लागलं की तेवढाच भाग पुसायचा.

ओपोले भागातल्या क्रोशोन्कींची पद्धत नेमकी उलटी. तिथे अंडं आधी गडद रंगवतात आणि मग धारदार टोकाने रंग खरवडून फुलं-पानं काढतात. हलका हात लावला की तपकिरी फक्त फिकी होते, तिथेच पुन्हा फिरवला की पांढरं टरफल दिसतं. एका पाकळीत तीन छटा येतात त्या अशा. कौशल्य म्हणून हे काम मेणापेक्षा वरचं मानायला हवं, कारण इथे चूक झाकायला जागा नाही. पातळ टरफलाचं अंडं तर हातातच तडकतं.

पोलंडच्याच वोविच भागात अंड्यांवर रंगीत कागदाची कात्रणं चिकटवतात आणि कुर्पी भागात पाणगवताचा पांढरा गाभा व लोकरीचा धागा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चमध्ये टोपली आशीर्वादासाठी नेतात. तिच्यात पाव, मीठ, सॉसेज, तिखट मुळ्याचा कीस आणि अंडी असतात. रविवारच्या न्याहारीला त्या अंड्याच्या फोडी घरातले सगळे वाटून खातात. म्हणून टोपलीतल्या अंड्यांना कांद्याची सालं किंवा खाण्याचा रंगच वापरावा. शिकागोच्या पोलिश वस्तीतही या टोपल्या भरतात. तिथे दुकानात पांढरी अंडी सहज मिळतात, पण ती आधीच धुतलेली असतात; वरचा नैसर्गिक थर गेलेला असल्याने रंग डागाळू शकतो. आधी एका अंड्यावर रंग पाहून घेतलेला बरा. आपल्याकडचं पोल्ट्रीचं पांढरं अंडंही चालतं.

(दृश्य: अंड्याला सुईने पाडलेलं बारीक छिद्र.)

टिकवायचं अंडं पोकळ करतात. दोन्ही टोकांना छिद्र, आत सुई घालून बलक मोडायचा, मग फुंकर. हे काम आधी करून ठेवायचा मोह होतो. पण पोकळ अंडं रंगात तरंगतं, छिद्रातून रंग आत शिरतो, आणि मेण काढताना आतली हवा तापली की तोच रंग पिचकारीसारखा नक्षीवर उडतो. आधी पोकळ केलंच असेल, तर दोन्ही छिद्रं मेणाने बुजवून अंडं चमच्याने दाबून धरावं, आणि मेण काढण्याआधी छिद्रं मोकळी करावीत. नाहीतर फुंकर सगळ्यात शेवटी.